सरांचं इंजिन, माझे पाईप

आमच्या घरात एका इंजिनाची वाटणी झालेली होती. हवा ज्या वाटेनं आत शिरते ती बाजू माझ्या नवऱ्याची, आणि धूर ज्या वाटेनं बाहेर पडतो ती माझी. त्यांनी माझ्या पाईपांना हात लावायचा नाही आणि मी त्यांच्या फिल्टरकडे बघून नाक मुरडायचं नाही, असं ठरलं होतं. त्यामागे एक जुनं भांडण होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी माझ्या एका वेल्डिंगवरून ग्राइंडर फिरवून ते छान गुळगुळीत करून ठेवलं होतं, आणि मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. माझा सांधा दुसऱ्या कोणी घासलेला मला अजूनही खपत नाही.

माझे वडील हळद शिजवायचे कुकर बनवायचे. स्वयंपाकघरातले नव्हेत, ट्रॅक्टरमागे जोडून शेतात न्यायचे. पाण्याची टाकी, खाली चुलाण, बाजूला स्टीलचे मोठाले ड्रम आणि त्यांच्यात वाफ नेणारे पाईप. मला शाळेपेक्षा त्यांची शेड आवडायची, म्हणून मी वेल्डिंग शिकले, आणि ते थकल्यावर काम मीच बघू लागले. हिंगोलीच्या बाहेर वाशीम रस्त्याला एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे, त्याच्या आवारातली एक शेड आमची. माझे मिस्टर आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतात. गावभर त्यांना सर म्हणतात म्हणून मीही सरच म्हणते. त्यात थोडी थट्टा असते, ती त्यांना कळते आणि चालते.

सर इतके शांत की भाजीत मीठ पडलेलं नसलं तरी दोनदा वाढून घेतात. नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मला तर नाहीच नाही. अशा माणसाला एकच खूळ होतं. आपल्या हातानं एक बुटकी, दोनच जण बसतील अशी, सुसाट पळणारी गाडी बनवायची. चार वर्षांपूर्वी ते नागपूरला एका लग्नाला गेले आणि येताना अपघातात चेपलेल्या एका स्पोर्ट्स कारचं जपानी इंजिन घेऊन आले. लग्नात काय जेवण होतं ते त्यांना सांगता आलं नाही. इंजिनाचं मात्र तासभर सांगत होते.

चौकोनी पाईपचा सांगाडा मी जोडून दिला. मग इंजिन आत बसवायला गेलो तर बसेना. चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे पाठवणारा भाग असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मूळचा मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचं एक धूड होतं, ते सांगाड्याच्या आडव्या दांडीवर आपटत होतं. वरचा एअर फिल्टरचा डबाही कुठे मावत नव्हता. सरांना दुःख व्हायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला.

"नवंच करायचंय तर बराबर करू," ते म्हणाले. "कंपनीनं ह्याचा श्वास दाबून ठेवलाय. आपण मोकळा करू."

त्यांनी शेडच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं, जणू समोर चाळीस जण बसलेत. चार सिलिंडर पाळीपाळीनं धूर सोडतात. चौघांना एकाच बारक्या दारात ढकललं तर एकाचा धूर दुसऱ्याच्या अंगावर येतो. प्रत्येकाला स्वतंत्र पाईप दिला, चारही पाईप सारख्याच लांबीचे केले आणि मग पुढे एकत्र आणले, तर आधी गेलेला धूर मागच्याला ओढून नेतो. आत येणाऱ्या हवेचंही तसंच. इंजिनाजवळची तापलेली हवा विरळ असते, म्हणून रुंद, आखूड पाईपानं बाहेरची गार हवा आणायची. मला हे सगळं पटलं, पण मी तसं म्हटलं नाही. मी फक्त विचारलं, "आत जायचं कोण करणार आन् भायेर यायचं कोण?" तिथेच आमची ती वाटणी झाली.

सारख्या लांबीचे चार पाईप ऐकायला सोपे वाटतात. पण चार दारं एका ओळीत, मध्ये स्टिअरिंगचा दांडा, खाली सांगाडा, आणि या सगळ्यातून वळत वळत चौघांना एकाच ठिकाणी एकाच अंतरानं पोचवायचं. मी वाफेच्या पाईपाचे उरलेले बेंड कापून त्यांच्या चकत्या केल्या, त्या एकेक करून जोडल्या आणि वळणावळणानं लांबी शिवणकामाच्या टेपनं मोजली. आर्गॉनचं वेल्डिंग करताना श्वास रोखून धरावा लागतो. माझे सांधे एकावर एक टेकवलेल्या नाण्यांसारखे दिसतात, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही.

सरांनी आपल्या बाजूचं काम मी कळमनुरीला एक कुकर बसवायला गेले होते त्या दोन दिवसांत उरकलं. पार्सलनं मागवलेला शंकूच्या आकाराचा, सुती जाळीचा फिल्टर त्यांनी लावला आणि त्याचं तोंड गार हवेसाठी गाडीच्या डाव्या अंगाला बाहेर काढलं. मार्चच्या शेवटी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आधी तीन आठवडे ते नुसतं सावकाश चालवून घ्यायचं होतं, रोज सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. मग एका रविवारी आम्ही गाडी शेडबाहेर ढकलली. जिनिंगच्या आवारात कापूस उतरवायचा सिमेंटचा लांबलचक ओटा आहे. गाडीला रस्त्यावर न्यायचा परवाना नव्हता आणि नियम मोडायचा म्हटलं की सरांना घाम फुटतो, म्हणून तो ओटाच आमचा रस्ता. सरांनी ॲक्सिलरेटर दाबला. मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा चार हजारापर्यंत झरझर गेला आणि तिथे रेंगाळला. सात हजाराला जायला हवा होता. इंजिन घुसमटल्यासारखं घरघरत राहिलं.

"पाईप चांगला झालाय," सर उतरून म्हणाले.

एवढ्यावर दुसरी एखादी बाई खूश झाली असती. मला ते झोंबलं. माणूस घुसमटला की नाक चोंदलंय का हे कोणीही आधी बघतं. पण नाक त्यांच्या हद्दीत होतं, आणि ते काम सरांनी केलेलं, म्हणजे चुकलेलं असणारच नाही. चुकला तर माझाच पाईप. मी तो मॅनिफोल्ड काढला आणि जाडसर पाईपचा दुसरा केला. काटा चार हजारावर थांबला. मी लांबी वाढवून तिसरा केला, त्याच्यासाठी कुकरची दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली. त्या वेळी काटा चार हजारालाही नीट पोचेना. सर पुन्हा म्हणाले, "पाईप चांगला झालाय."

त्या दिवशी माझं डोकं सटकलं. चार वर्षांचे रविवार गेले होते. शेडचा अर्धा भाग गाडीनं अडवलेला, माझे तयार कुकर बाहेर उन्हात उभे, आणि मी एकच काम तिसऱ्यांदा चुकवत होते. अकोल्यात एक जण अशाच गाड्या बनवतो, हे मला ठाऊक होतं. पूर्वी कधीतरी त्यानं सरांकडे या इंजिनाची चौकशी केली होती. सर वर्गावर गेल्यावर मी त्याला फोन लावला आणि विचारलं, इंजिन पाहिजे का. तो विचार करून सांगतो म्हणाला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत लावला. रविवारी पिकअप घेऊन येतो म्हणाला. संध्याकाळी सरांना मी सांगितलं, "अकोल्याच्या त्या माणसाचा फोन आला व्हता. इंजिन मागून राहिला. रविवारी येतो म्हणतो."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "देऊन टाकू."

मला वाटलं होतं, ते वाद घालतील. निदान एकदा तरी काहून म्हणून विचारतील. मग मीही चार शब्द ऐकवीन, मोकळी होईन, आणि बहुतेक त्या अकोलेवाल्याला नको म्हणून कळवीन. ते नुसतेच बरं म्हणाले आणि माझी पंचाईत झाली.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते शेडमध्ये येऊन इंजिन काढायची तयारी करू लागले. आधीच सैल करता येतील ते बोल्ट काढून छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि प्रत्येक पिशवीवर कागद चिकटवायचे. त्यांचं अक्षर फळ्यावरचं, ठसठशीत. 'पुढचा आधार, डावा, आधी हाताने फिरवावा.' 'हा जरा हट्टी आहे, तेल द्यावे.' दुसऱ्याच्या हातात आपलं इंजिन चुकू नये म्हणून माणूस इतकी काळजी घेत होता. मी शेजारी उभी राहून कुकरच्या झाकणाला कडा मारत होते. त्यांच्या अंगावर ओरडावं आणि त्यांची माफी मागावी, असं दोन्ही एकदम वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. तो फोन मी केला होता हे तोंडातून निघेना.

रविवारी सकाळी मला घरात बसवेना. गाडी जायचीच असेल तर निदान स्वच्छ जाऊ दे, म्हणून मी बादली, साबण आणि फडकी घेऊन शेडवर गेले. सर मागच्या बाजूला पिशव्या खोक्यात लावत होते. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे हळदीला पॉलिश करायचे दिवस. शेजारच्याच शेडमध्ये तांड्यावरचे एक काका पॉलिशचा ड्रम चालवतात. वाळलेली हळकुंडं त्यात दिवसभर गडगडतात आणि भुकटी उडते. भिंती पिवळ्या, चपला पिवळ्या, चहाच्या पेल्याची कड पिवळी. त्यामुळे आम्हाला पिवळं काही दिसत नाही. मी गाडीचा पत्रा पुसला, फडकं पिळलं, पाणी पिवळं झालं, मी फेकलं. नवीन पाणी घेतलं. मग म्हटलं, हा फिल्टरही धुऊन टाकू.

वाटणीमुळे मी त्या फिल्टरकडे बरेच दिवस बघितलंच नव्हतं, आणि बघितलं तेव्हा तो हळदीच्या रंगाचा होता. सरांनी पिवळा मागवलाय, असंच मी धरून चालले होते. मनात आलंही होतं की एवढ्या सगळ्या रंगांतून हाच काहून निवडला, पण वाटणी म्हणजे वाटणी. मी तो काढून बादलीत बुडवला. पिवळं पाणी आलं. दुसऱ्या बादलीत बुडवला, तरी पिवळंच. तिसऱ्या बादलीत जाळीच्या घड्यांमधून गाळाचे लोळच्या लोळ सुटू लागले. पाचव्या बादलीला माझ्या हातात एक पांढराशुभ्र फिल्टर होता.

मी बादलीशेजारी फतकल मारून बसले आणि हसायला लागले. हसू आवरेना तशी सर धावत आले. त्यांना वाटलं, मला काही झालं. मी फिल्टर वर धरला.

"हा पांढरा हाय?"

"पांढराच व्हता की," सर म्हणाले. "तू त्याला तेल लावलं म्हणून पिवळा झाला ना?"

"मी कशाला तेल लावू? मला वाटलं, तुमीच पिवळा आणला."

मग सगळं उलगडलं. त्या फिल्टरच्या जाळीला धूळ अडकावी म्हणून खास चिकट, पिवळसर तेल लावतात. सरांनी स्वतःच त्याचा एक पातळ हात देऊन बाटली ठेवून दिली होती. पुढे शेडमधल्या पसाऱ्यात बाटली दिसेना आणि फिल्टरचा रंग बदललेला, तेव्हा त्यांना वाटलं की मी पुन्हा एक हात दिला. त्यांच्या हद्दीत मी आपणहून पहिल्यांदाच पाऊल टाकलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की ते काही बोलले नाहीत. उगाच बोललो तर ही परत हात लावायची नाही, असं त्यांना वाटलं म्हणे. आणि गार हवेसाठी बाहेर काढलेलं ते तोंड बरोबर पॉलिशच्या ड्रमसमोर होतं. सावकाश चालवलेल्या त्या तीन आठवड्यांत इंजिनानं श्वासाश्वासाला हळद ओढली होती.

"तुमी पोरायला पहिल्या दिवशी काय शिकवता?" मी विचारलं.

"आधी हवा बघा," सर म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला.

फिल्टर मी कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. बाटली शोधली, ती माझ्याच आर्गॉनच्या सिलिंडरमागे निघाली. सरांनी फिल्टरचं तोंड ड्रमच्या उलट बाजूला वळवायला सुरुवात केली, आणि मी त्यांना न विचारता त्या पाईपाला एक बेंड जोडून दिला. बोल्टच्या पिशव्या एकेक करून फोडल्या. सर स्वतःच लिहिलेल्या सूचना वाचत बोल्ट परत बसवत होते. तेवढ्यात अकोलेवाल्याचा फोन आला की तो कनेरगाव नाक्यावर चहा घेतोय, आता निघतो. मीच बोलावलेलं, येऊ नका म्हणायला जीभ रेटेना, मी नुसतं हो म्हटलं. फिल्टर अजून ओलसर होता. मी तो दोरीवरून काढून पदरानं टिपला, सूर्याकडे धरून वारा घातला, सरांनी थेंब थेंब तेल दिलं आणि आम्ही तो चढवला.

सर गाडीत बसले, आणि काटा चार हजाराला पोचला असेल तेव्हा मी ओट्याच्या कडेला डोळे मिटून उभी होते. आवाजावरूनच कळलं. आतापर्यंतची घरघर गेली आणि पाईपांतून एक सलग, खणखणीत सूर चढत गेला. पाच, सहा, सात. माझ्या चार पाईपांचा तो आवाज. मी डोळे उघडले तेव्हा गाडी ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि शेजारचे काका ड्रम थांबवून बघत उभे होते.

तेवढ्यात फाटकातून पिकअप आत आली. अकोल्याचा माणूस उतरला, त्यानं जयभीम केला आणि गाडी परत येईपर्यंत मान कलती करून आवाज ऐकत राहिला. मग इंजिनावर वाकला, पाईपांवरून बोट फिरवलं.

"सर, हे तं लयच भारी झालं," तो म्हणाला. "म्या ऐकलं व्हतं, ओढत नाही म्हणून. आता तं मी घेऊनच जातो."

दुरुस्त झालेलं इंजिन कोणालाही जास्तच हवंसं वाटणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मला पंधरा वर्षं माहीत होतं.

"न्हाई," सर म्हणाले. "द्यायचं न्हाई."

पाहुणा माझ्याकडे वळला. "असं कसं, ताई? तुमीच तं दोन डाव फोन केला मले. मी तं मांगत बी नव्हतो."

माझे कान तापले. खाली बघावं तर पायाशी बोल्टची एक पिशवी पडलेली. मी म्हटलं, "फोन मी केला व्हता, खरं हाय. पण सर न्हाई म्हणतात तर न्हाई. माझं चुकलं. जेवून जा."

माणूस चांगला होता. जरा कुरकुरला, मग शेडमध्ये बसून भाकरी आणि ठेचा पोटभर जेवला. जाताना म्हणाला, एवढा दूर आलो तर रिकाम्या हातानं कसा जाऊ. त्याची नजर कोपऱ्यातल्या माझ्या पहिल्या दोन मॅनिफोल्डवर होती. त्यांच्यात काहीच खोट नव्हती हे तोवर मलाही कळलं होतं. दुसरा मी त्याला देऊन टाकला. त्यानं तो सीटशेजारी बसवला आणि पिकअप फाटकाबाहेर गेली.

मग आम्ही दोघंच उरलो. सर फडक्यानं हात पुसत होते.

"मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी कळलं. त्यानं आपणहून फोन केला असता तर तू तुझ्या पाईपाचं त्याला अर्धा तास सांगितलं असतं, आन् मग काय काय सांगितलं ते मला आणखी अर्धा तास. तू त्यातलं काहीच बोलली न्हाईस."

"मग बरं काहून म्हणालात? चार वर्षं केलेलं असं देतात का?"

"तू दमली व्हतीस," सर म्हणाले.

मला रडू आलं. रागही आला, स्वतःचा आणि थोडा त्यांचाही, की एवढं मोठं काही मनात ठेवून माणूस बोल्टवर कागद चिकटवत बसतो. चार वर्षांत मी त्या गाडीच्या खाली कितीतरी दुपारी पाठीवर पडून काढल्या होत्या. आत मात्र मी कधी बसले नव्हते. मी जाऊन सरांच्या शेजारच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.